नाव त्याचं, पाय माझे

मॅच सुरू व्हायच्या आधी मला माझं नाव सांगितलं जायचं. टीमचा कॅप्टन, नाहीतर त्याचा एखादा काका मला झाडाखाली बाजूला घ्यायचा, हातात चहा द्यायचा आणि म्हणायचा, "आज तू अमुक. बापाचं नाव तमुक. आडनाव हे. म्हन बरं एकडाव." मी म्हणून दाखवायचो. मग तो पुन्हा विचारायचा, मी बुटाची नाडी बांधत असताना, अचानक. न अडखळता सांगितलं की पास. फुटबॉलमधलं माझं पहिलं शिक्षण हे. गोल मारणं तर पायाला आधीपासूनच येत होतं.

आता पाय काही कामाचे राहिले नाहीत. गुडघे सकाळी उठले की कुरकुरतात, दुपारी गप्प बसतात, संध्याकाळी पुन्हा सुरू. लोकांना वाटतं जुना खेळाडू म्हणजे समोरच्याला धरून बसवून गोल मोजून दाखवणारा माणूस. मला त्याचा कंटाळा आहे. गोल पुष्कळ मारले. कोणाच्या नावावर मारले तेवढं सांगतो आणि मोकळा होतो. नावं मात्र सांगणार नाही. पेन्शन अजून त्याच नावानं येते.

आमच्याकडे धान कापून झालं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या झाल्या की गावोगाव टूर्नामेंट लागायच्या. दोन-तीन बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध, फोडून मैदान करायचं, बांबूचे गोलपोस्ट रोवायचे. जमीन सपाट कधीच नसायची आणि धानाची धसकटं तळपायात घुसायची. पहिलं बक्षीस ढाल आणि बोकड. ढाल ग्रामपंचायतीत लटकायची, बोकड त्याच संध्याकाळी शिजायचा. नियम एकच, टीम गावातल्याच पोरांची पाहिजे. आणि तो मोडायची रीतही एकच. बाहेरचा एखादा चांगला खेळणारा बोलवायचा आणि गावातल्या एखाद्याच्या नावावर उतरवायचा. त्याला पाहुणा म्हणत. ज्याचं नाव, तो धुऱ्यावर बसून टाळ्या वाजवायचा. हे सगळ्यांना ठाऊक असायचं, रेफ्रीलाही, कारण त्याच्या गावातही पाहुणा असायचाच. हरणारी टीम तक्रार करायची तेव्हाच रेफ्रीला विचारणं भाग पडायचं.

मी मूलचा. बाप राइस मिलमध्ये हमाल. पोती वाहून घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया भुशानं पांढऱ्या झालेल्या असत. छप्पन साली आमच्या जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, जाऊन त्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पहिलं काम केलं ते सही शिकण्याचं. बाकी अक्षरं त्याला शेवटपर्यंत आली नाहीत, पण स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव तो पूर्ण लिहायचा, दोन ओळी लागल्या तरी. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींना म्हणाला होता, "नाव पुरं लिवजा गुरुजी. काटछाट नोको." शाळा मी नववीत सोडली, पण रजिस्टरमध्ये नाव पुरं आहे.

मी सेंटर फॉरवर्ड. फार धावणारा नव्हतो, पण बॉल कुठे पडणार ते मला आधी कळायचं. ऐंशी साल उजाडेपर्यंत मी एस.टी.नं आणि छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीनं निम्मा मुलूख फिरलो होतो. खायला मिळायचं, कोणी बूट द्यायचं, कोणी तांदूळ बांधून द्यायचं. नागभीडला एकदा हाफटाइमला तक्रार झाली. रेफ्रीनं बापाचं नाव विचारलं आणि मी मागच्या आठवड्यातल्या बापाचं सांगून बसलो. तिथला कॅप्टन रेल्वेतला गँगमन होता, पुढे येऊन म्हणाला, "साहेब, याले दोन बाप हायेत. एक जन्म देनारा, एक पोसनारा." रेफ्रीसकट सगळे हसले आणि मॅच पुढे सुरू झाली. सिरोंच्याकडे तर मला तेलुगू नावावर उतरवलं. मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता म्हणून सांगितलं, आज तू मुका. दोन गोल मारले आणि तोंडातून ब्र काढला नाही. हे मी घरी सांगायचो तेव्हा बाप हसायचा, पण अर्धवट. पोरगं बोकड जिंकून येतं याचं त्याला बरं वाटायचं आणि कोणत्या नावानं जिंकलं हे तो विचारायचा नाही.

ब्याऐंशीत चांद्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि कुरखेड्याला मोठी टूर्नामेंट लागली. नियम असा की खेळाडू नव्या जिल्ह्यातलाच हवा. मी चांद्याकडचा, म्हणजे आता परका. कुरखेड्याच्या टीमनं मला तिथल्या एका शेतकऱ्याच्या पोराच्या नावावर घेतलं. तो माझ्याच वयाचा, मॅट्रिक पास, धानाची शेती, एकुलता एक. टीममध्ये त्याचं नाव फक्त यादी भरावी म्हणून होतं. बॉल अंगावर आला की डोळे मिटायचा. माणूस मात्र सोन्यासारखा. त्याचा म्हातारा धुऱ्यावर काठी टेकून उभा राहायचा आणि मी बॉल घेऊन निघालो की मुलाच्या नावानं ओरडायचा, "मार रे लेका, मार!" त्याचा खरा पोरगा शेजारी बसून शेंगा सोलत असायचा. मी त्यांच्याच घरी जेवायचो. आम्ही बौद्ध, ते कुणबी, पण म्हाताऱ्यानं कधी ताट वेगळं मांडलं नाही. तीन हंगाम मी त्या नावानं खेळलो. कुरखेड्याच्या बाजारात बाया मला त्याच नावानं हाक मारायच्या आणि मी वळून बघायचो.

तिसऱ्या वर्षीच्या फायनलला चांद्याकडच्या एका कोळसा खाणीचा साहेब ढाल द्यायला आला होता. मी तीन गोल मारले. ढाल देताना त्यानं माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

शिट्टी वाजून गेली होती. मॅच संपली होती. तक्रार करणारी टीम बैलगाडीत बसून निघूनही गेली होती. माझं खरं नाव सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. तरी मी तेच सांगितलं जे सकाळी चहाबरोबर पाठ केलं होतं, बापासकट, आडनावासकट. साहेबानं खिशातली वही काढून लिहून घेतलं. मला वाटलं पेपरात देणार असेल.

दोन महिन्यांनी कुरखेड्याचा तो पोरगा आमच्या घरी मूलला आला. एस.टी.च्या धुळीनं माखलेला. माझ्या आईनं पाणी दिलं, ते एका दमात प्यायला आणि बाजेवर एक लिफाफा ठेवला. खाणीचं पत्र होतं. खेळाडू म्हणून कायम नोकरी, राहायला क्वार्टर, पंधरा दिवसांत शाळेचा दाखला घेऊन हजर व्हावं. वर त्याचं नाव.

"हे तुयं हाये भाऊ," तो म्हणाला. "नाव मायं हाये, पन पाय तुये हायेत. मी गेलो त पहिल्याच दिवशी हाकलतीन मले."

"मायं नाव सांगून पाहू काय त्याईले?"

"सांगशीन त फसवलं म्हनतीन. मंग तुले बी नाई अन् मले बी नाई."

मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि शाळेचा दाखला त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलाच होता. म्हणाला, "मले कुठी नोकरी कराची हाये? शेती हाये मायी. गावात कोनी चौकशीले आलं त आमी सांभाळून घेऊ. फक्त आमच्या घरी काई कमीजास्त झालं त ये जा. लोकाईले दिसलं पायजे." तो जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

बापानं सगळं ऐकलं होतं. तो अंगणात बसून पंच्यानं कानातला भुसा काढत होता. बराच वेळ काढत होता.

"कायम हाये?" त्यानं विचारलं.

"हो."

"क्वार्टर देते?"

"देते म्हनते."

"बापाच्या जाग्यावर कोनाचं लिवा लागन?"

मी म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "जा मंग. मी पोते उचलून राह्यलो, तुले बी उचलाचे हाये काय? नाव कोनी खाऊन नाई टाकत."

मला त्याचा राग आला. त्यानं नाही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मग मला आयुष्यभर त्याच्या नावानं खडे फोडता आले असते. त्यानं तीही सोय ठेवली नाही. खाणीच्या ऑफिसात फॉर्म भरताना वडिलांच्या रकान्यात मी म्हाताऱ्याचं नाव लिहिलं. हात अडखळला नाही. सराव होता.

खाणीत मला डोक्यावरचे दिवे वाटायच्या खोलीत ठेवलं. सकाळी उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, दुपारी मैदानावर. आणि मग फिरणं. कोळशाच्या पट्ट्यात जिथे जिथे खाण तिथे तिथे टूर्नामेंट. बिहारकडे, मध्य प्रदेशात, गाडीच्या डब्यात वरच्या फळीवर बूट उशाला घेऊन झोपायचं. सगळी मैदानं काळी, सगळ्या डॉर्मिटरीत तोच खोबरेल आणि घामाचा वास, सगळीकडे डाळ पातळ. पहिल्या वर्षी मजा आली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी गुडघ्यात पाणी झालं. तिसऱ्या वर्षी गोल मारल्यावर हात वर करायचाही कंटाळा यायला लागला. लोकांना वाटायचं मी मोठा साधा, गोल मारून गप्प मधल्या रेषेकडे चालत जातो. साधा कसला. लाऊडस्पीकरवर पूर्ण नाव पुकारायचे आणि मधे म्हाताऱ्याचं नाव यायचं. ते ऐकू येऊ नये म्हणून मी चालत सुटायचो.

कॉलनीत मी कुणब्याचा पोरगा. तसबीर मी ट्रंकेत ठेवली होती, कपड्यांच्या खाली. एप्रिलात जयंतीची मिरवणूक क्वार्टरपुढून जायची. निळे झेंडे, लेझीम, आमच्याच मूलकडची, पण मला न ओळखणारी काही माणसं. एका वर्षी त्यातला एक थांबून मोठ्या प्रेमानं म्हणाला, "भाऊ, तुमी बी या ना, आमच्या कार्यक्रमाले." मी म्हणालो, येतो. गेलो नाही. पाहुणा म्हणून खूप ठिकाणी खेळलो होतो, पण तिथे पाहुणा म्हणून जाणं मला जमलं नाही.

बाप एकदाच मॅच बघायला आला. खाणीच्याच मैदानावर फायनल होती. त्यानं धुतलेलं धोतर घातलं होतं आणि मिलमधून सुट्टी घेतली होती. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मैदानावर मला हाक मारू नको. तो लांब, पाण्याच्या टाकीजवळ बसला. मी दोन गोल केले. लाऊडस्पीकरनं दोन्हीदा पूर्ण नाव घेतलं. मला तो टाळ्या वाजवताना दिसत होता, हात डोक्याच्या वर नेऊन, मिलमधली माणसं ट्रक भरून झाल्यावर वाजवतात तशा. रात्री माझ्या क्वार्टरवर भात खाताना तो आपणहून सांगायला लागला. "बाजूचा एक मानूस लय चांगला होता. इचारे, तुमी एवढ्या टाळ्या वाजवून राह्यले, तुमचा कोन हाये त्यातला?"

"मंग?"

"मी म्हनलो, कोनी नाई. असाच आलो पाहाले." आणि तो हसला. पुरं हसला त्या वेळी. त्याला ती आपली हुशारी वाटली होती, पोराला सांभाळून घेतल्याची. मी पाणी आणायला उठलो आणि मोरीत जरा वेळ उभा राहिलो.

शहाऐंशीत कुरखेड्याचा म्हातारा गेला. तार खाणीत आली. हजेरी बाबूनं स्वतः उठून खांद्यावर हात ठेवला, रजा लिहिली, पुढच्या मॅचला टीम काळी फीत लावून उतरेल म्हणाला. मी गेलो. शब्द दिला होता आणि म्हातारा मला आवडायचाही. खरं सांगायचं तर मी मनापासून रडलो. दहाव्याला पोरगा नदीवर मुंडण करायला बसला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुले बी करा लागन भाऊ. खानीतले लोक पाहातीन ना." आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. न्हाव्यानं आधी त्याचं केलं, मग माझं.

परत जाताना मी मूलला उतरलो. बापानं माझ्या डोक्याकडे बघितलं. असलं सगळं सोडून त्याला तीस वर्षं झाली होती.

"कोनाचं केलं?"

"कुरखेड्याच्या बाबाचं."

आईनं टोपी काढून दिली. निघताना दारापर्यंत आला तेव्हा म्हणाला, "मायं असं करू नोको हो. मले नाई चालत ते." मी म्हणालो, तुले काई होत नाई बा. तो म्हणाला, "होईन ना. सारेच जाते. तवा फक्त ये."

दोन वर्षांनी सकाळी दिवे वाटून झाल्यावर मला हजेरीच्या खिडकीवर बोलावलं. बाबूच्या हातात तार होती. ती मिलच्या मुनशीनं केली होती. आईनं त्याला माझ्या खाणीतल्या नावाचा पत्ता दिला असणार, पण बाकीचं बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं सरळ लिहिलं होतं, वडील वारले, ताबडतोब निघा. खाली गाव मूल.

बाबू तारेकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. "काऊन बे," तो म्हणाला, "तुया बाप त दोन वर्साआंदी गेला ना? टकला होऊन आल्ता तू. मीच रजा लिवली होती."

माझ्या मागे आठ-दहा जण बिल्ले घेऊन रांगेत उभे होते. मला नागभीडचा गँगमन आठवला. दोन बाप आहेत म्हणून सांगून टाकावं, सगळे हसतील आणि मॅच पुढे सुरू होईल. पण ते कोणीतरी दुसऱ्यानं सांगायचं असतं. माझ्या तोंडून ते येईना. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर नोकरी गेली असती, आणि कुरखेड्याचा तो भला माणूसही अडकला असता. हे सगळं मला दिसत होतं. त्याच वेळी मला बापाच्या भुवया दिसत होत्या.

"लिवनाऱ्याची चुकी हाये," मी म्हणालो. "ओळखीचे होते."

"कोन लागते तुया?"

"कोनी नाई."

मग मला समजलं की मी काय बोललो. बाबूला काय, त्यानं पेनाचं टोपण काढलं. "कोनी नाई त रजा कायची देऊ? रविवारी सेमीफायनल हाये." मी तिथेच उभा राहिलो. माझ्या तोंडाकडे बघून त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "बरं, एक दिवस जा. बिनपगारी." आणि नात्याच्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली.

मी पोचलो तेव्हा घाटावर सगळी तयारी झाली होती. माझ्यासाठीच थांबले होते. बापाला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं आणि कोणीतरी त्याचं तोंड इतकं स्वच्छ पुसलं होतं की भुवया काळ्या दिसत होत्या. त्या काळ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. मिलमधले हमाल अर्धी सुट्टी टाकून आले होते. मी जाऊन गर्दीत उभा राहिलो, कडेला, जिथे जागा मिळाली तिथे. वस्तीतल्या एका वयस्क उपासकानं त्रिसरण-पंचशील घेतलं. मग त्यांनी बापाचं पूर्ण नाव घेऊन दोन शब्द सांगितले आणि म्हणाले की आता मुलानं पुढे यावं.

त्यांनी मुलाचं नाव पुकारलं. कोणी पुढे गेलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, अगदी पूर्ण, मधे बापाचं नाव, मागे आडनाव, काही काटछाट नाही. मी इतरांसारखाच मान वळवून बघत होतो की कोण येतं.

शेजारच्या हमालानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाला, "पोरा, तुलेच बलावून राह्यले ना."